डाव्या सीटवरचं चाक

त्यांचं खरं नाव लायसनवर होतं आणि ते तिथेच राहिलं. सगळं गाव त्यांना ब्रेकबाई म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, पाठीमागेही म्हणायचं, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. वाटायचं कारणही नव्हतं. गाडी शिकवणाऱ्या बाईला ब्रेकबाई म्हणाले, तर स्वयंपाक शिकवणारीला झारा म्हणण्याइतकंच ते सरळ होतं.

जिन्याखालच्या खोलीत त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. आत एक बाक, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, खिळ्याला किल्ल्या, आणि समोरच्या भिंतीत ठोकून बसवलेलं एक जुनं स्टिअरिंग. नवा माणूस आला की आधी त्याला त्या भिंतीवरच्या चाकापुढे बसवायच्या. "वळव डावीकडे. वळव उजवीकडे. भिंत पडत नाही तोवर घाबरायचं नाही," म्हणायच्या. मग एक दिवस बाहेर उभ्या असलेल्या पांढऱ्या छोट्या गाडीत बसायची पाळी यायची. शिकणारा उजवीकडे, चाक धरून, घामाघूम. ब्रेकबाई डावीकडे, हात मांडीवर, चेहरा थंडगार. त्यांच्या पायाशी मात्र आणखी एक क्लच आणि आणखी एक ब्रेक होता, आणि त्या ब्रेकनं किती माणसं, किती कुत्री आणि किती भाजीच्या गाड्या वाचवल्या, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

एकेक शिष्य म्हणजे एकेक नमुना. एक रिटायर झालेला पोस्टमन यायचा. जन्मभराची सवय, दर फाटकापाशी गाडी आपोआप थांबवायचा. "अहो, आज टपाल नाही, चला पुढे," असं त्याला प्रत्येक घरासमोर सांगावं लागे. एक बँकेतली बाई होती, ती चौक आला की डोळे मिटून घ्यायची. "तुम्ही आहात ना," म्हणायची. ब्रेकबाई तिला म्हणाल्या, "मी आहे, पण समोरचा ट्रकसुद्धा आहे." सगळे शिकले. पोस्टमनसुद्धा शिकला.

शिकला नाही तो एकच माणूस, आणि तो त्यांच्या घरातच होता.

हा माणूस म्हणजे त्यांचे यजमान, टेलर. खरं तर गाडी घेतली होती टेलरनंच, स्वतः शिकायची म्हणून. पण आयुष्य गेलेलं शिलाईच्या मशीनवर. पाय पेडलवर ठेवला की टाच-पंजा, टाच-पंजा सुरू. गाडीच्या एक्सिलरेटरवर पाय गेला तरी तो पाय शिलाईच घालायचा. गाडी रस्त्यावरून टीप मारत चालल्यासारखी पुढे जायची, गचका, मग गचका, मग गचका. शिकवायला आलेले गृहस्थ एका गचक्याला उतरले ते परत फिरकले नाहीत. तेव्हा तरुण असलेल्या ब्रेकबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्यांनी किल्ली उचलली आणि म्हणाल्या, "उतरा अहो. कापड फाटेल."

तेव्हापासून गाडी त्यांची झाली.

आता इतकी वर्षं झाली. गावात मोठं, काचेच्या दाराचं, थंड हवेचं ड्रायव्हिंग स्कूल आलं. ब्रेकबाईंकडे येणारे कमी झाले. तरी चारदोन बायका यायच्या, कारण त्यांच्या नवऱ्यांना बायकोला शिकवताना होणारी भांडणं परवडत नव्हती. आणि मागच्या उन्हाळ्यात तो प्रकार झाला. टेलरचा कापडाचा गठ्ठा आणायला म्हणून ब्रेकबाई एकट्याच गाडी घेऊन निघाल्या. बऱ्याच दिवसांनी उजव्या सीटवर बसल्या होत्या. फाटकातून बाहेर पडताना मांजर आडवं आलं, पाय हवा तिथे पडला नाही, आणि गाडी फाटकाच्या खांबाला जाऊन भिडली. मांजर वाचलं. खांबही वाचला. दिवा फुटला आणि त्यांचं नाव गेलं.

मुलगा त्या दिवशी घरीच होता. मुलगा म्हणजे शांत, हिशेबी, ऑफिसात कधी कोणावर आवाज न चढवलेला माणूस. पण भीती बसली की शांत माणूससुद्धा टोचून बोलतो. तो म्हणाला, "आई, खरं सांगू? इतकी वर्षं तू गाडी चालवलीच नाहीस. चालवली दुसऱ्यांनी. तू फक्त ब्रेक मारलास."

 ब्रेकबाई आत गेल्या आणि कणीक तिंबायला लागल्या. कणकेनं काय पाप केलं होतं देव जाणे, पण तिला त्या दिवशी चांगलाच मार बसला.

पुढे मुलानं ठरवूनच टाकलं. गाडी विकायची. पाण्याचे पंप दुरुस्त करणारा एक पंपवाला होता, तो घ्यायला तयार झाला. मग आईचं मन रमावं म्हणून मुलानं रजा टाकली आणि सगळ्यांना परदेशी सुट्टीला न्यायचं ठरवलं. आई, बाबा, बायको आणि तो. तिकडे भाड्याची गाडी घ्यायची, मुलगा चालवणार, डोंगर बघायचे, समुद्र बघायचा. परत आलं की पंपवाला गाडी घेऊन जाणार.

 दुसऱ्या दिवशी ब्रेकबाई लायसनच्या ऑफिसात गेल्या. तिथला कारकून त्यांचाच शिष्य, डोळे मिटणाऱ्या बाईचा धाकटा दीर. "मला परदेशात गाडी चालवायचा परवाना पाहिजे," म्हणाल्या.

"मॅडम, तुम्ही चालवणार?"

"मग काय परवाना फ्रेम करून लावणार?"

परवाना पर्समध्ये गेला. हे टेलरला ठाऊक होतं, सुनेला ठाऊक होतं. मुलाला तेवढं कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर विमान उडायच्या आधीच घरात वादळ उठलं असतं.

परदेशात उतरल्यावर विमानतळाच्या एका कोपऱ्यात गाड्यांचा काउंटर होता. काउंटरवरच्या मुलीनं हसून कागद पुढे केला आणि विचारलं, आणखी कोणी चालवणार आहे का? मुलगा "नाही" म्हणायला तोंड उघडतो, तोवर ब्रेकबाईंनी लायसन आणि परवाना दोन्ही काउंटरवर असे आपटले, की मुलगी दचकून पेन खाली टाकून बसली.

"आई, हे काय?"

"माझं नाव."

"अगं, कशाला?"

"कशाला म्हणजे? नाव असतं माणसाला."

टेलर मागून म्हणाला, "घाल रे बाबा नाव. नाहीतर आपण चौघंही इथेच सुट्टी काढू."

नाव घातलं. मुलगा बाहेर येता येता म्हणाला, "नाव घातलं म्हणजे चालवायची असं नाही."

"आणि नाव घातलं म्हणजे नुसतं मिरवायचं, असंही नाही," ब्रेकबाई म्हणाल्या.

गाडी उभी होती ओळीत. करड्या रंगाची, नवी कोरी. मुलगा सामान डिकीत भरत होता. ब्रेकबाई सवयीप्रमाणे डाव्या दाराशी गेल्या, दार उघडलं, बसल्या, पाय लांब केले आणि समोर बघतात तर काय? चाक! त्यांच्या हक्काच्या सीटवर, त्यांच्या छातीसमोर, गोल, काळं, चाक. त्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं जातात आणि चालवणारा डावीकडे बसतो, हे त्यांनी ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि मांडीसमोर येऊन बसणं वेगळं. त्यांनी हळूच दोन्ही हात चाकावर ठेवले.

"अहो," त्या टेलरला म्हणाल्या, "माझ्या जागेवर चाक आणून ठेवलंय हो."

टेलर म्हणाला, "उशिरा का होईना, कोणाला तरी सुचलं."

सून हसली. मुलगा मात्र दाराशी येऊन उभा राहिला. "आई, ऊठ. ती ड्रायव्हरची जागा आहे."

ब्रेकबाई उठल्या. उजवीकडे जाऊन बसल्या. पण ते वाक्य त्यांनी पर्समध्ये टाकल्यासारखं नीट ठेवून दिलं.

मुलगा चालवायला लागला आणि मजा सुरू झाली. वळायचं म्हणून दांडी ओढली की वायपर चालू. लख्ख ऊन पडलेलं, आकाशात ढगाचा ठिपका नाही, आणि यांच्या काचेवर दोन काठ्या सपासप फिरताहेत. बाजूच्या गाडीतली लहान मुलं खिदळायला लागली. मग गोल चौक आला. आपल्याकडे फिरतो त्याच्या उलट फिरायचं. मुलगा बिचारा आत शिरला, पण बाहेर पडायची वाट सापडेना. एक फेरी झाली, दुसरी झाली. टेलर खिडकीतून मधला कारंजा बघत म्हणाला, "छान आहे हो कारंजा. सगळ्या बाजूंनी सारखाच आहे."

"बाबा, प्लीज."

पण खरी अडचण वेगळीच होती. मुलगा आयुष्यभर उजवीकडे बसून चालवत आलेला. आता डावीकडे बसला, आणि गाडी आपोआप उजवीकडे सरकायला लागली. ब्रेकबाई त्याच बाजूला बसलेल्या. भिंती, झाडं, पाट्या त्यांच्या खिडकीला चाटून जायच्या. त्यांचा पाय खाली ब्रेक शोधायचा, आणि ब्रेक नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या पायाखाली काही नव्हतं. चटई होती फक्त.

"अरे, डावीकडे घे."

"घेतो आहे."

"घेत नाहीस. त्या दुकानाची पाटी मला वाचता येते आहे. आता नुसती वाचता नाही, हात लावता येतो आहे..."

आणि खर्रर्र झालं. एका कुंपणाच्या लाकडी खांबाला उजवा आरसा घासला. आरसा मिटला, उघडला, फुटला नाही. पण त्याच्या पाठीवर पांढरा ओरखडा उठला. मुलानं गाडी बाजूला घेतली, उतरून बघितलं, ओठ चावले. मग म्हणाला, "आई, तू मागे बस. तू बाजूला बसलीस की मला दडपण येतं."

आता या वाक्यात तथ्य नव्हतं असं कसं म्हणावं? ज्या बाईच्या शेजारी बसून गावातल्या निम्म्या लोकांचे हात थरथरले, तिच्या पोटच्या मुलाचे थरथरले तर नवल काय? ब्रेकबाई मागे बसल्या. टेलर पुढे आला. त्याचा पाय लगेच चटईवर टाच-पंजा करायला लागला.

असे दोन दिवस गेले. डोंगर बघून झाले, तळं बघून झालं. ब्रेकबाईंनी दोन्ही मागच्या खिडकीतून बघितलं. सून एकदा हळूच म्हणाली, "आई, छान आहे ना तळं?" त्या म्हणाल्या, "छान आहे. मानेच्या डाव्या बाजूनं बघितलं."

तिसऱ्या दिवशी समुद्राकडे निघाले. वाटेत पेट्रोल भरलं. पंपावरून बाहेर पडले, रस्ता मोकळा, पुढे-मागे चिटपाखरू नाही. आणि मोकळ्या रस्त्यावरच माणसाची जुनी सवय जागी होते. मुलगा सरळ डाव्या बाजूनं निघाला. आपल्या गावच्या बाजूनं. कोणाच्याच लक्षात आलं नाही, ब्रेकबाईंच्यासुद्धा नाही, कारण त्यांनाही तीच बाजू बरोबर वाटत होती. वळण आलं, आणि वळणातून दुधाचा टँकर समोर आला. भला मोठा, चकचकीत, भोंगा वाजवत. मुलानं चाक फिरवलं. टँकर वाऱ्यासारखा शेजारून गेला. गाडी उजव्या कडेच्या गवतात जाऊन थांबली.

कुणाला काही झालं नाही.  वायपर तेवढे चालू होते.

थोड्या अंतरावर रस्त्याकडेला एक चहाचं दुकान होतं. बाहेर टेबलं मांडलेली. गाडी कशीबशी तिथवर आणली. मुलाच्या हातातला कप बशीवर खडखडत होता. तो म्हणाला, "बस झालं. गाडी इथेच सोडू. कंपनीला फोन करतो, ते घेऊन जातील. पुढचं बसनं जाऊ."

किल्ली टेबलावर होती. ब्रेकबाईंनी ती उचलली. अशी, जशी कधीकाळी दारात उभ्या राहून उचलली होती.

"मी नेते."

"आई, आत्ता काय झालं ते बघितलंस ना?"

"बघितलं. म्हणूनच नेते. तुझे हात बघ. या हातांनी तू चहा नाही पिऊ शकत."

"मग तुला तरी कुठे सवय आहे? आई, समजून घे. तू..."

"बोल ना. फक्त ब्रेक मारलेस, असंच ना? एकदा बोलून झालंय ते. दुसऱ्यांदा बोलायला लाज कसली?"

मुलानं मान खाली घातली. सून बोलायला गेली, पण टेलरनं तिला डोळ्यानं थांबवलं. नवरा-बायकोच्या भांडणापेक्षा आई-मुलाचं भांडण नाजूक असतं, त्याला मध्ये टाका घालायचा नसतो, हे टेलरला कळत होतं.

ब्रेकबाई म्हणाल्या, "ऐक. समुद्रापर्यंत मी नेणार. गाडीला माझ्या हातून ओरखडा पडला, तर पंपवाल्याला माझ्या गाडीची किल्ली मी स्वतः देईन. पुन्हा चाकाला हात लावणार नाही, जन्मभर मागे बसेन आणि तळी बघेन. आणि ओरखडा न पडता नेली, तर माझी गाडी माझ्या दारात राहील. कबूल?"

"आई, हा काय पोरखेळ आहे?"

"पोरानं सुरू केला, म्हणून पोरखेळ. कबूल?"

मुलगा सुनेकडे बघायला लागला. सून म्हणाली, "मी आईंच्या गाडीत बसणार आहे. तुम्ही बसनं या हवं तर." मग त्याला कबूल व्हावंच लागलं.

ब्रेकबाई डाव्या सीटवर बसल्या. मुलगा शेजारी, उजवीकडे. मागे टेलर आणि सून. गाडी सुरू झाली, दोन हात पुढे गेली, आणि जी आपटून थांबली, की टेलरचा चष्मा उडून सुनेच्या मांडीत पडला.

"हे काय गं?" टेलर ओरडला.

झालं होतं असं, की या गाडीला क्लच नव्हता. ब्रेकबाईंचा डावा पाय मात्र क्लच दाबायला गेला आणि पडला रुंद ब्रेकवर. पुन्हा निघाल्या, पुन्हा तेच. चौघांच्या नाकांनी एकदम नमस्कार केला. दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

"अगदी शोभतं बरं नाव तुझं," टेलर म्हणाला.

मुलगा हळूच म्हणाला, "आई, अजूनही..."

"गप्प बस."

त्यांनी गाडी बंद केली. वाकून डाव्या पायातला बूट काढला आणि मागे टेलरच्या हातात दिला. "धरा. या पायाला आजपासून सुट्टी. यानं खूप नोकरी केली." बूट काढलेला पाय त्यांनी सीटखाली दुमडून घेतला. मोकळा पाय गार पत्र्याला लागला, की त्याला आपोआप आठवायचं, आपलं काम नाही. टेलरनं बूट मांडीवर असा धरला, जसा गिऱ्हाइकाचा नवा कोट धरावा.

गाडी निघाली. या वेळी थांबली नाही.

पहिलं वळण आलं तेव्हा वायपर लागले. "लागू दे," ब्रेकबाई म्हणाल्या, "काच स्वच्छ होते." मागून गाड्या आल्या, एकानं हॉर्न वाजवला. त्यांनी वेग तसूभर वाढवला नाही. "वाजव बाबा, तुझंच बोट दुखेल," म्हणाल्या, आणि जागा दिसल्यावर बाजूला होऊन त्याला जाऊ दिलं. दर चौकाला मोठ्यानं बोलायच्या: "उजवी बाजू. उजवी बाजू. बाई, इथे उजवी बाजू." आधी स्वतःला सांगायच्या, मग समोरून येणाऱ्या अख्ख्या देशाला सांगायच्या. शिष्य नसला तरी शिकवणं थांबत नव्हतं, आज स्वतःच शिष्य होत्या.

मग हळूहळू त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि त्यांना हसूच फुटलं. मुलाची गाडी कडेला सरकत होती, त्यांची सरकत नव्हती. का? कारण इतकी वर्षं रस्ता त्यांनी याच सीटवरून बघितला होता. डावीकडची कड किती लांब, बॉनेटचं डावं टोक कुठे संपतं, डाव्या खिडकीतून रस्त्याची रेघ कशी दिसते, हे सगळं त्यांच्या डोळ्यांना आपल्या घराच्या ओट्यासारखं माहीत होतं. फक्त हातात चाक नव्हतं. ते आज आलं होतं.

पुढे रस्ता उतरू लागला. अरुंद झाला. डावीकडे डोंगराचा उभा कातळ, उजवीकडे दरी, आणि दरीच्या टोकाशी, खूप खाली, निळी पट्टी. समुद्र. सून "आई, बघा!" म्हणाली. ब्रेकबाई म्हणाल्या, "तू बघ आणि मला सांग." त्यांना समोरून चढून येणारी बस दिसली होती.

बस म्हणजे अर्धा डोंगरच. दोघांना एकदम जायला जागा नाही. बसवाल्यानं काचेतून हात केला, मागे घ्या. मुलगा दाराच्या मुठीवर हात ठेवून म्हणाला, "आई, तू उतर. मी घेतो मागे." पण त्याच्या दाराबाहेर दरी होती आणि आवाजात दम नव्हता.

"तू हलायचं नाहीस."

"आई, दरी आहे."

"मला माहीत आहे, दरी आहे. दरी तुझ्या बाजूला आहे. माझ्या बाजूला कातळ आहे. मी कातळ बघते, तू दरी बघ."

चढणाऱ्याला वाट द्यायची, हे त्या स्वतःच शिकवत आल्या होत्या, त्यामुळे बसवाल्याशी भांडायची सोय नव्हती. मागच्या वळणावर डोंगरात खणून केलेली थोडी जागा त्यांनी येताना बघून ठेवली होती. त्यांनी खिडकीची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. कातळ हाताच्या अंतरावर. कातळातून वाढलेलं गवत त्यांच्या कानाला लागत होतं. शेजारी मुलगा दोन्ही हातांनी सीट धरून बसला होता, आणि त्याचा पाय चटई दाबत होता. दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. ब्रेकबाईंना तो पाय दिसला. इतक्या घाईतही दिसला. त्या पायासारखा पाय त्यांनी आरशात नाही, पण स्वतःच्या पोटऱ्यांत आयुष्यभर अनुभवला होता.

"तिकडे ब्रेक नाही रे," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," मुलगा म्हणाला. पाय मात्र दाबतच राहिला.

गाडी त्या खणलेल्या जागेत मागची बाजू घालून शिरली आणि थांबली. बस घोंगावत, दरीच्या कडेनं वर गेली. बसवाल्यानं काचेतूनच हात वर केला. ब्रेकबाईंनीही केला. टेलरनं बूट वर केला.

त्या लगेच निघाल्या नाहीत. समोर बघत म्हणाल्या, "आता सांग. त्या जागेवर बसून, हातात काही नसताना, दुसऱ्याला चालवू द्यायचं, आणि पाय आवरून धरायचा. सोपं आहे?"

मुलानं चटईवरचा पाय उचलून मागे घेतला.

"मी तो पाय रोज आवरला. उगाच ब्रेक मारला असता, तर एकही माणूस शिकला नसता. मारला तो शेवटच्या क्षणाला मारला. तू म्हणालास, मी फक्त ब्रेक मारले. अरे, किती वेळा नाही मारले, ते विचार."

मागे टेलर बुटाची लेस ओढत बसला होता. तो म्हणाला, "मला ब्रेक मारले असतेस तर मी शिकलो असतो."

"तुम्हाला नाही. तुम्हाला गाठ मारली असती."

सून खो-खो हसली, आणि मग मुलाच्या तोंडावरही, नाइलाजानं का होईना, हसू आलं.

समुद्रापाशी पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. गाड्या उभ्या करायची जागा वाळूच्या काठानं होती. ब्रेकबाई आत शिरल्या, एक मोकळी चौकट बघितली, चाक फिरवलं. आणि समोर ठेवलेला प्लॅस्टिकचा कचऱ्याचा डबा त्यांना दिसला नाही. टप्प! डब्याचं झाकण उडालं.

सगळे थिजले.

मुलगा उतरला. पुढे जाऊन गुडघ्यावर बसला. बराच वेळ बसला. मग उठून म्हणाला, "काही नाही झालं, आई."

"नीट बघ. उपकार नकोत मला."

त्यानं खिशातून रुमाल काढला, बंपर पुसला, पुन्हा बघितला. रुमाल वर करून दाखवला. "धूळ आहे. आई, खरंच नाही."

ब्रेकबाई उतरल्या, एका पायात बूट, दुसरा पाय वाळूवर, तशाच लंगडत स्वतः येऊन वाकून बघितलं. मग गाडीभोवती फेरी मारली. उजव्या आरशापाशी थांबल्या. पांढऱ्या ओरखड्यावर बोट ठेवलं.

"हा तुझा."

"माझाच," मुलगा म्हणाला. "मी सांगतो पंपवाल्याला. फोन करतो."

"तू नाही. माझी गाडी आहे. मी सांगणार. लाव फोन."

फोन लागला. तिकडे बहुतेक पंप खोललेला होता, पाना आपटल्याचा आवाज येत होता. ब्रेकबाई समुद्राकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी बोलते आहे. गाडी मिळणार नाही."

"अहो बाई, ठरलं होतं की!"

"ठरवलं मुलानं होतं. गाडी माझी आहे."

"पण मी बायकोला शब्द दिला होता. तिला शिकायची होती त्या गाडीवर. तुमच्या बाजूला तो जास्तीचा ब्रेक आहे ना, म्हणून तर घेत होतो. मीच शिकवणार होतो तिला."

 ब्रेकबाईंच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं, की टेलर बूट छातीशी धरून बघतच राहिला.

"तुम्ही शिकवणार? बायकोला? अहो, संसार मोडायचा आहे का? तिला माझ्याकडे पाठवा. आम्ही परत आलो की लगेच. भिंतीवरचं चाक अजून जागेवर आहे म्हणावं."

फोन मुलाच्या हातात दिला.  त्यानं आईची पर्स उचलली आणि सुनेबरोबर पाण्याकडे चालायला लागला.

टेलर पुढे आला. वाळूत उकिडवा बसला आणि बूट त्यांच्या पायाशी धरला. "घाला आता, मास्तरीणबाई. पाय भाजेल."

ब्रेकबाईंनी पाय मागे घेतला.

"राहू दे तुमच्याकडेच. परतीची गाडीही मीच चालवणार आहे."